कंटेनरची ऑर्डर बंद कधी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिस्पॅचचं, म्हणजे गाड्या कामाला लावायचं सॉफ्टवेअर साध्या ट्रकच्या कामासाठी घेतलंय, आता बंदर आणि रेल्वेवरून येणारे कंटेनरही त्यातच चालवायचेत, तर एक कंटेनर म्हणजे एक लोड (एकच फेरीचं काम) असं धरलं तर चालेल का?

चालेल, पण रिकामे डबे हरवायला लागतील. चोरीला जाणार नाहीत. स्क्रीनवरून गायब होतील.

साध्या ट्रकमध्ये माल उतरला, पावतीवर सही आली, की विषय संपतो. कंटेनर बहुतेक वेळा शिपिंग लाइनचा, म्हणजे उसना असतो. माल पोचल्यावर अर्धंच काम होतं; डबा परत जमा होईपर्यंत तो तुमच्याच नावावर. मीही सुरुवातीला डिलिव्हरी झाली की लोड बंद करायचो. एका ग्राहकाकडे तीन डबे सोडून आलो. ते रिकामे झाल्याचं त्यांनी आमच्या एकाला फोनवर सांगितलं, आणि तो विसरला. स्क्रीनवर तिन्ही लोड हिरवेगार. डिटेन्शनचं (डबा उशिरा परत केल्याच्या आकाराचं) बिल आलं तेव्हा डबे आठवले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कंटेनरची एक ऑर्डर, आणि तिच्याखाली टप्पे: टर्मिनलवरून भरलेला उचलणं, यार्डात ठेवायचा असेल तर तो मुक्काम, ग्राहकाकडे पोचवणं, रिकामा उचलणं, डेपोत जमा करणं. ड्रायव्हर, गाडी आणि वेळ टप्प्याला जोडायची, कारण सोडणारा ड्रायव्हर एक आणि उचलणारा दुसराच असतो. ड्रायव्हरचा हिशोब टप्प्यावर, ग्राहकाचं बिल ऑर्डरवर. रिकामा जमा केल्याची गेट पावती चढवल्याशिवाय ऑर्डर बंदच होऊ द्यायची नाही. बिलिंगवाले कटकट करतील, तर त्यांना बिल आधी काढू द्या, पण ऑर्डर उघडीच ठेवा.

निर्यातीत सगळं उलटं. आधी रिकामा उचलायचा, आणि उचलेपर्यंत हातात फक्त बुकिंग नंबर असतो. त्यामुळे ऑर्डर बनवतानाच कंटेनर नंबर सक्तीचा केला तर पोरं काहीतरी खोटा नंबर टाकून पुढे जातात. सक्ती करायची ती रिकामा डबा गेटमधून बाहेर पडताना.

नंबरबद्दल दोन गोष्टी. एक, कंटेनर नंबर हा ऑर्डरचा ओळख क्रमांक करू नका. तोच डबा काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाचा माल घेऊन पुन्हा येतो. एका वेळी त्या नंबरची एकच ऑर्डर उघडी असावी, एवढंच सॉफ्टवेअरने बघावं. दोन, शेवटचा अंक तपासून घ्या. आयएसओ ६३४६ या कंटेनर नंबरांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नंबरात चार अक्षरं, सहा अंक आणि एक तपासणी अंक असतो. सीएसक्यूयू ३०५४३८ ३ हा नंबर घ्या. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते (सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२). शेवटचा अंक सोडून डावीकडून सगळ्यांना १, २, ४, ८ असं दुप्पट करत गुणायचं. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून शेवटी ३. घाईत कुणी ३०५४३८ च्या जागी ३५०४३८ टाकलं तर बाकी ८ येते आणि चूक तिथेच पकडली जाते. गेटवरून गाडी परत फिरण्यापेक्षा हे बरं. बाकी १० आली तर अंक ० धरतात, हे प्रोग्रामरला आठवणीने सांगा.

तारखांचे रकाने दोन ठेवा. भरलेला डबा टर्मिनलमध्ये पडून राहिला तर साधारणपणे डेमरेज हा आकार लागतो, बाहेर नेऊन वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. दोन्हींची मोफत मुदत वेगळी असू शकते, सुट्ट्या मोजायच्या की नाही हे लाइनच्या करारावर. मी सकाळी बोर्ड (स्क्रीनवरची कामांची यादी) 'शेवटचा मोफत दिवस' या क्रमानेच लावतो. डिलिव्हरीची वेळ त्यानंतर.

ट्रेलरचा नंबर कंटेनरपासून वेगळा नोंदवा, नाहीतर ग्राहकाकडे सोडलेल्या डब्याखाली आपला कुठला ट्रेलर अडकलाय हे शोधत बसाल. सील नंबर प्रत्येक गेटवर. निर्यातीच्या डब्याचं प्रमाणित एकूण वजन १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजावर चढण्याआधी द्यावंच लागतं, त्याला रकाना हवाच. आणि रिकामा परत करण्याचा पत्ता कायमचा सेव्ह करू नका. लाइन डेपो बदलते, त्या दिवशी सकाळी विचारूनच गाडी काढा.

आयातीचा रिकामा डबा डेपोत न नेता थेट दुसऱ्याच्या निर्यातीला लावायचा मोह होतो. एक रिकामी फेरी वाचते, मीही करतो. पण लाइन तीच, डब्याचा आकार-प्रकार तोच आणि लाइनची परवानगी लेखी हवी. अशा वेळी जुनी ऑर्डर डेपोच्या पावतीऐवजी त्या परवानगीवर बंद करायची.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टप्प्यांची सोयच नसेल, तर त्याच संदर्भ क्रमांकाला अ, ब, क लावून वेगवेगळे लोड बनवा. 'रिकामा परत'चा लोड मात्र बुकिंग घेतानाच, पहिल्या लोडबरोबर बनवून ठेवा. ड्रायव्हर नसला तरी तो बोर्डवर लाल दिसत राहू दे.