घर बांधायला घेतोय. वीज कमी लागावी म्हणून आधी पैसे कुठे घालावेत?

तुम्ही सौर पॅनेल, दुहेरी काचा, इन्व्हर्टर एसी आणि एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे) अशी यादी दिली आहे आणि बजेट ताणलंय, तर यातलं आधी काय करू असं विचारलंय. घरांच्या ऊर्जेचा हिशेब मांडून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे थेट सांगतो: यादी जरा बाजूला ठेवा. जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर आधी खर्च करा. एसी काही वर्षांनी बदलालच, पॅनेल पुढच्या वर्षीही बसतील. घराची दिशा, खिडक्यांच्या जागा आणि भिंतीतलं इन्सुलेशन मात्र एकदा झालं की झालं.

दिशेचं काम तर जवळपास फुकटात होतं. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा आणि मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला काढा. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन मोठं सोयीचं असतं. समजा तुमची जागा 40 अक्षांशावर आहे. तिथे 21 जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य साधारण 73 अंशांवर असतो, तर डिसेंबरात जेमतेम 27 अंशांवर. खिडकीच्या अगदी वर 45 सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर जूनमध्ये त्याची सावली खाली दीड मीटरपर्यंत पोचते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली 22-23 सेंटिमीटरवर संपते आणि बाकीचं ऊन खुशाल घरात येतं. तुमचा अक्षांश घालून हे गणित आर्किटेक्टकडून करून घ्याच. विषुववृत्ताच्या जवळ असाल तर उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडूनही येतो, तेव्हा त्या बाजूलाही छोटा छज्जा हवा.

पश्चिमेला हे चालत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, ते छज्जाखालून सरळ आत घुसतं. त्या बाजूला खिडक्या कमी आणि लहान ठेवा, बाथरूम, जिना, कोठीची खोली तिकडे ढकला, आणि खिडकी काढायचीच असेल तर बाहेरून झडपा लावा. बाहेरून म्हणतोय, ते मुद्दाम. काच ऊन आत येऊ देते, पण त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. म्हणून आतला पडदा ओढेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता भिंती आणि छत. नुसत्या जाडीवर लोक फार विश्वास ठेवतात. 10 सेंटिमीटर थर्माकोल (तोच तो ईपीएस) जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला काँक्रीटची भिंत साधारण 4 मीटर जाड लागेल! एएसी ब्लॉक विटेपेक्षा बरेच चांगले, पण थर्माकोलच्या जवळपासही नाहीत. पैसे तुटपुंजे असतील तर आधी छताचं इन्सुलेशन करा, कारण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन तेच झेलतं. इन्सुलेशन शक्यतो बाहेरच्या अंगाने घ्या, म्हणजे आतलं जड बांधकाम दिवस-रात्रीचे चढउतार पोटात घेतं.

आणि हा थर कुठेही तुटू देऊ नका. नकाशातला उभा छेद समोर घ्या, लाल पेन घ्या आणि इन्सुलेशनच्या रेषेवरून पेन न उचलता पूर्ण घराला फेरी मारून बघा. पेन हमखास अडतं ते बाल्कनीपाशी. खोलीचा स्लॅब तसाच बाहेर काढून बाल्कनी केली, की तो थंडीत घरातली ऊब बाहेर नेत राहतो. आतल्या बाजूला तो कोपरा गार पडतो, तिथे दव धरतं आणि पुढे बुरशी. घरमालक गळती समजून वॉटरप्रूफिंगवर खर्च करत बसतो, ते वेगळंच. बाल्कनी स्वतंत्र खांबांवर उभी करा किंवा जोडाशी उष्णतारोधक तुकडा घाला.

हवेच्या गळतीकडे सहसा कुणी बघत नाही. ब्लोअर डोअर चाचणीत मुख्य दारात पंखा बसवून घरातली हवा ओढतात. त्या वेळी स्विचबोर्डासमोर तळहाताची मागची बाजू धरून बघा, गार झोत लागतो. खिडकीची चौकट, पाइपांची भोकं, एसीच्या नळीभोवतीची फट, सगळीकडे तेच. 1991 साली जर्मनीत डार्मस्टाट इथे पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीचा आजचा निकष असा, की 50 पास्कल दाबाला तासाला घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त हवा बदलता कामा नये. तुम्ही तिथपर्यंत जाऊ नका हवं तर, पण चाचणी आतलं फिनिशिंग करण्याआधी करून घ्या. नंतर भोकं सापडतात, बुजवता येत नाहीत. घर असं बंदिस्त झालं की ताज्या हवेची सोय यंत्राने करावी लागते. थंड प्रदेशात उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन घ्या.

दुहेरी काचा जरूर घ्या, फक्त लो-ई लेप (उष्णता परतवणारा अतिपातळ थर) असलेल्या. एसी मात्र चौरस फुटांवरून ठरवू नका, उष्णतेचा भार काढून घ्या. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली पटकन गार करून बंद पडतं आणि दमटपणा तसाच राहतो. घर तापवायचं असेल तर हीट पंप (बाहेरची उष्णता आत खेचणारं यंत्र) बघा, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो.

पॅनेल सगळ्यात शेवटी. आत्ता फक्त छताचा सावली न येणारा भाग टाक्या आणि डिशपासून मोकळा ठेवा, आणि छतापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून टाकून घ्या.