कामानिमित्त स्वतःच्याच शहरातील अनोळखी, अस्वस्थ करणाऱ्या भागात जावे लागले तर काय अनुभव येतो?

आपण विचारले आहे की, कामासाठी आपल्याच शहरातील एखाद्या अपरिचित आणि बदनाम भागात जाण्याची वेळ आली, तर तिथे काय वाट्याला येते आणि जाताना काय ध्यानात ठेवावे. मी बांधकाम अभियंता आहे. इमारतींची गळती तपासणे आणि दुरुस्तीचा अंदाज तयार करणे हे माझे काम, आणि राहणे जन्मापासून दादरला. मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीची, म्हणजे हटवलेल्या झोपड्यांतील लोकांना जिथे पक्की घरे दिली त्या इमारतींची, पाहणी आमच्याकडे आली, तोपर्यंत मानखुर्द-गोवंडीचा भाग असलेल्या मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागाशी माझा संबंध सायन-पनवेल महामार्गावरून जाताना गाडीची काच वर करण्यापुरता होता.

त्या भागाविषयी जे ऐकून होतो ते खोटे नव्हते. 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेणारे देवनारचे डंपिंग तिथेच आहे, जानेवारी 2016 मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता, आणि मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात हा विभाग सर्वांत तळाला होता. सहकाऱ्यांनी मोबाइल सांभाळ, अंधार पडायच्या आत नीघ, असे बजावले. मला मात्र अस्वस्थ केले ते ज्याविषयी कुणीच सावध केले नव्हते अशा गोष्टीने, दोन इमारतींमधल्या हाउसगल्लीने.

तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींसमोर जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या होत्या. त्या फटीत मलवाहिन्या फुटलेल्या, वरच्या मजल्यांवरून टाकलेल्या कचऱ्याचा गुडघाभर थर, आणि त्यात दिवसाढवळ्या फिरणारे उंदीर. घाण वास आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून खालच्या दोन-तीन मजल्यांवरच्या बहुतेक खिडक्या कायमच्या बंद केलेल्या होत्या, काही प्लायवूड ठोकून, काही प्लास्टिकचा कागद ताणून. दुपारी बारा वाजता 225 चौरस फुटांच्या त्या घरांत ट्यूबलाइट लावल्याशिवाय भिंतीवरची ओल मला दिसत नव्हती. नकाशावर मात्र प्रत्येक खोलीला खिडकी होती आणि तिचे माप नियमात बसत होते.

हा हिशेब मला फार लागला, कारण तो माझ्या व्यवसायातला आहे. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी इमारतीच्या बाजूला आणि मागे उजेड-वाऱ्यासाठी सोडायची जागा सर्वसाधारणपणे उंचीच्या एक तृतीयांश असायला हवी होती. म्हणजे सुमारे बावीस मीटर उंचीच्या इमारतीला सात मीटरांहून अधिक. पुनर्वसनाच्या इमारतींना या अटीतून सवलत मिळाली आणि त्या सातांचे तीन झाले. सवलतीमागे कारण होते: जमीन महाग, घरे फुकट द्यायची, तेव्हा तेवढ्याच जागेत अधिक घरे बसवायची. पण एखाद्या खोलीला किती हवा लागते हे तिथे राहणाऱ्याच्या ऐपतीवर ठरत नाही, आणि ज्या कुणी त्या नकाशांवर सह्या केल्या त्यांनाही हे ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिणाम मोजलेले आहेत. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींचा अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. इमारती दाटीने असलेल्या पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजीपीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. कारण गूढ नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत मिसळतात, कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, आणि वाहता वारा व ऊन हे त्यांचे सर्वांत स्वस्त शत्रू या घरांपर्यंत पोहोचत नाहीत. ओल मोजायला मी ज्या घरांत शिरलो, त्यांपैकी एकाहून अधिक घरांत फळीवर क्षयाच्या गोळ्यांची पाकिटे होती. एका आजींनी मला स्टूल दिले आणि स्वतः दाराबाहेर जाऊन बसल्या. घरात सुनेला खोकला आहे, तुम्ही फार वेळ थांबू नका, एवढेच त्या म्हणाल्या.

मी टेप काढला की जिन्यात गर्दी जमे आणि पहिला प्रश्न येई, "साहेब, पाडणार आहेत का?" पाठोपाठ प्लास्टिकच्या पिशव्या उघडत: सर्वेक्षणाची पावती, रेशनकार्ड, वाटपपत्र. यांतले बरेच जण रेल्वे रुळांलगतच्या झोपड्यांतून आलेले होते. जागतिक बँकेच्या कर्जावर 2002 मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी अशी हजारो कुटुंबे हलवली गेली, कारण झोपड्या रुळांना इतक्या खेटून होत्या की गाड्यांना वेग कमी करावा लागे आणि नव्या मार्गिकांना जागाच नव्हती. एक गृहस्थ माटुंग्याच्या रुळांलगत वाढलेले निघाले. आमच्या दोघांच्या लहानपणीचे मैदान एक, वाण्याचे दुकानही एक. ते हलले म्हणून माझी लोकल वेगाने धावते. अनोळखी भाग म्हणून मी जिथे गेलो होतो तिथे माझ्याच वस्तीतली माणसे आणून ठेवलेली होती. रुळांवर जीव जाण्याची भीती गेली, नावावर पक्के घर झाले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. त्यांचे समाधान मी नाकारणार नाही. तरीही त्यांना मिळालेल्या घरात दुपारीही उजेड नसतो, हे माझ्यासारख्याने लिहून ठेवलेच पाहिजे.

आमच्याकडून फक्त गळतीचा अहवाल हवा आहे, असे सांगितले गेले होते. मी त्यात हाउसगल्लीची सफाई, मलवाहिन्या बदलणे, कचरा खाली पडू नये म्हणून पहिल्या मजल्याच्या पातळीवर जाळी, आणि खालच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांत एक्झॉस्ट पंखे यांचा वेगळा खर्च जोडला. त्यांपैकी सफाई झाली आणि जाळी बसली. बाकीचे निधीअभावी अडले आहे आणि त्याचा पाठपुरावा मी अजून करतो.

आपल्यासाठी सांगायचे तर, आधी सोसायटीच्या कमिटीला फोन करा आणि तिथल्याच एखाद्या रहिवाशाला बरोबर घ्या. माप किंवा फोटो घेण्यापूर्वी कशासाठी आलात ते मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगा, कारण कागद आणि टेप घेऊन येणाऱ्या माणसाचा तिथला पूर्वानुभव घर जाण्याचाच असतो. सुरुवात गच्चीवरून न करता तळमजल्यापासून करा, भर दुपारी करा, आणि खिडकी बंद दिसली तर ती का बंद आहे हे घरच्यांना विचारून नोंदवहीत लिहा.