दीपगृहातला जिना, कृष्णधवलात

प्रश्न : दीपगृहाच्या आतला गोल जिना टिपताना खिडक्या पांढऱ्याफटक पडतात, पायऱ्या काळ्याठिक्कर. उपाय काय?

उत्तर : प्रकाशातली एवढी तफावत एका फ्रेममध्ये क्वचितच मावते. ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ/८ ठेवा. फक्त शटरचा वेग बदलत दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम घेऊन नंतर संगणकावर जोडा. फिल्मवर मात्र सावलीतल्या पायरीवरचा प्रकाश मोजून त्यापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्या आणि डेव्हलपिंगची (फिल्म रसायनात ठेवण्याची) वेळ साधारण २० टक्के घटवा. शटर एक सेकंदापेक्षा जास्त उघडं राहिलं, की फिल्मची संवेदनशीलता घटते, तेव्हा उत्पादकाच्या तक्त्यानुसार एक्स्पोजर वाढवा. ट्रायपॉड लोखंडी पायऱ्यांवर असेल, तर कुणी चढत-उतरत नसतानाच शटर दाबा. कंपनाने कडा हमखास धूसर होतात. वरच्या भिंगाची पितळी चौकट उजळ हवी असल्यास रॉ फाइल कृष्णधवल करताना पिवळ्या रंगाचा स्लायडर वाढवा.