नगरसेवक कुणाचा, गल्लीचा की चिन्हाचा?

तुमचा प्रश्न : बेळगावात नगरसेवक पक्षाच्या चिन्हावर निवडून आला तर वॉर्डाची कामं लवकर होतात का?

मी इथल्याच एका विणकर गल्लीतला, घरात चार यंत्रमाग आहेत. आमच्या गल्लीत तरी झाली नाहीत.

2021 ला महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली. 58 पैकी 35 जागा भाजपला मिळाल्या. त्याआधी कागदोपत्री सगळे अपक्षच, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवारसुद्धा. आमच्याकडे पंच मंडळी देवळात बसायची, मध्यरात्रीपर्यंत भांडायची आणि एक नाव ठरवून उठायची. त्या माणसाचा बाप, आजा सगळ्यांच्या ओळखीचा असायचा. काम नाही केलं तर त्याला त्याच देवळात उभं करून विचारता यायचं.

माझे दाजी तेव्हा जेवता जेवता म्हणाले, "अपक्षाला कोण विचारतंय? पक्षाचा माणूस द्या, निधी आपोआप येतो." मी ताटावरून उठलो. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी आमच्या वडिलांनी जन्मात चुकवली नाही, आणि त्यांच्याच घरात हे ऐकायचं?

दाजींचा माणूस निवडून आला. (पक्ष कुठला ते लिहीत नाही, बाकीच्यांचंही हेच आहे.) पण महापौर निवडायलाच फेब्रुवारी 2023 उजाडला. त्याच वर्षी पावसाळ्यात एका रात्री गटार तुंबलं आणि पाणी मागाच्या खोलीत शिरलं. बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेलं सूत खालून भिजलं. भिजलेलं सूत फुगतं, मग हाताएवढं कापड विणेपर्यंत चार तारा तुटतात. सहा दिवस माग बंद होते.

सात घरांच्या सह्या घेऊन नगरसेवकाकडे गेलो. दोन गल्ल्या सोडून वाढलेला पोरगा. अर्ज पूर्ण वाचला, आणि म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." गटार उपसायला साहेबांना कशाला विचारायचं? तर तिकीट साहेबांनी दिलंय, पुढचंही तेच देणार. त्यात 1987 चा पक्षांतरबंदीचा राज्य कायदा स्थानिक संस्थांनाही लागू आहे. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे वॉर्ड एक म्हणाला आणि पक्ष दुसरं, तर तो हात कुणासाठी वर करणार?

ग्रामपंचायतीला कायद्यानंच पक्षाचं चिन्ह नाही. शहरालाही तसंच हवं, हे माझं ठाम मत आहे.

तुम्हाला काम करून घ्यायचं असेल तर अर्ज मराठीत द्या, सोबत कानडी प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक मात्र खरं, अपक्षांच्या काळात सगळं गोड होतं असं नाही. गटतट होते, समितीच्याच दोघांनी एकमेकांना पाडलेलं मी पाहिलंय. पंचांच्या बैठकीत बायकांना कुणी बोलावत नव्हतं, ती आमची चूकच. आणि काही वॉर्डांत पक्षाचे नगरसेवक चांगलं काम करतही असतील.

पण दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या रात्री दोन वाजता बादली घेऊन पाणी उपसायला तुम्हीच धावत आला होता, साहेब नव्हे. पुढच्या वेळी देवळातल्या बैठकीला या, ताईलाही आणा, आणि माणूस आपण ठरवू.