बाराव्या दिवशी सोडलेली गोळी आणि मायक्रोडोसिंग

मी तुझ्याहून बराच मोठा आहे, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझं वय २३, दोन वर्षं सतत चिंता, अधूनमधून पॅनिक अटॅक. डॉक्टरांनी दिलेल्या एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरच्या औषधांचा एक प्रकार) गोळीने बेचैनी वाढली म्हणून ती बाराव्या दिवशी सोडलीस. आता मित्र म्हणतोय, दर तीन दिवसांनी एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या पदार्थाचा अगदी बारीक डोस घे, म्हणजे मायक्रोडोसिंग कर, सगळं निवळेल. घेऊ का, असं तू विचारलंयस. माझं स्पष्ट मत: नको.

मित्र खोटं बोलत नाहीये. त्याला बरं वाटलंच असणार. फक्त ते कशामुळे वाटलं हे बघायला हवं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आधीपासूनच मायक्रोडोसिंग करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या लोकांना त्यांनी सांगितलं, काही कॅप्सूलमध्ये तुमचा पदार्थ भरा, काही रिकाम्या ठेवा, सगळ्या कोड लावलेल्या पाकिटांत घालून मिसळा. १९१ जणांनी चार आठवडे हे निभावलं. आपण नक्की काय गिळतोय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मायक्रोडोस घेणाऱ्यांना बरं वाटलं, आणि रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही जवळपास तितकंच. एकाने तर शेवटी उरलेली पाकिटं उघडून पाहिली तेव्हा त्याला कळलं, की तो पूर्ण वेळ रिकाम्याच कॅप्सूल घेत होता. त्याला जाणवलेला जबरदस्त परिणाम निव्वळ अपेक्षेतून आलेला होता.

'एलएसडीने चिंता कमी होते' या बातम्या तू वाचल्या असशील. त्या खऱ्या आहेत, पण वेगळ्याच गोष्टीबद्दल. २०२५ साली जामा या नियतकालिकात जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर (सतत, अवाजवी चिंतेचा विकार) असलेल्या १९८ जणांवरचा अभ्यास आला. डोस एकदाच, तोही प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली. १०० आणि २०० मायक्रोग्रॅमला फायदा दिसला. २५ आणि ५० मायक्रोग्रॅम मात्र प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसहून, सरस ठरले नाहीत. मायक्रोडोस म्हणतात तो साधारण १० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे त्याहूनही खाली.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ८० निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दर तीन दिवसांनी १० मायक्रोग्रॅम एलएसडी. त्यातल्या चौघांनी चिंता वाढली म्हणून माघार घेतली. आणि ही सगळी निरोगी माणसं! माझ्या स्वतःच्या चिंतेच्या वाईट काळात मी लोकांशी बोलताना टेबलाखाली मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजत बसायचो. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की पुढची वीस मिनिटं गेलीच. अशा माणसाच्या शरीरात किंचित धडधड आणि अस्वस्थता आणणारं काही गेलं की काय होईल, ते तुला सांगायला नको.

शिवाय स्किझोफ्रेनिया, बायपोलर या गंभीर मानसिक आजारांची पहिली लक्षणं बहुधा तुझ्याच वयात दिसतात. घरात कुणाला असेल तर एलएसडीने ते उफाळण्याचा धोका असतो, म्हणून हा विषय इथेच बंद कर. कुणी लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) घेत असेल तर त्यासोबत एलएसडीने आकडी येण्याचा धोका असतो. आणि एलएसडी बहुधा कागदाच्या तुकड्यावर शोषवून विकतात; बाहेरून मिळालेल्या अशा तुकड्यावर नेमकं काय आणि किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक देशांत हे बेकायदा आहे, तेही आहेच.

आता त्या गोळीबद्दल. सुरुवातीला बेचैनी वाढणं एसएसआरआयमध्ये नेहमीचं आहे आणि गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तू सगळ्यात त्रासाच्या टप्प्यावर थांबलास. मला यात तुझा दोष दिसत नाही. हे तुला आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नकोस. डॉक्टरांकडे जा आणि बारा दिवसांत काय काय झालं ते कागदावर लिहून ने. कमी डोसने सुरुवात करता येईल का, गोळी बदलता येईल का, थायरॉइड तपासलंय का, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी समुपदेशनाची पद्धत) कोण करतं, हे चार प्रश्न त्याच कागदाच्या खाली लिही. दिवसाला किती कॉफी होते तेही लिही. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच कुणाला तरी सोबत घेऊन निघ.