शांत गेमिंग पीसी जुळवताना आधी वॅट बघा, फॅन नंतर

प्रश्न : नवीन पीसी स्वतःच असेंबल करायचाय. गेम खेळायला वेळ मिळतो तो रात्री सगळे झोपल्यावरच आणि सध्याचा पीसी गेम सुरू झाला की इतका घोंघावतो की शेजारच्या खोलीतून ओरडा होतो. मॉनिटर २५६० बाय १४४० चा, १४४ हर्ट्झ. यादी अशी काढलीय : इंटेल कोअर आय९ १४९००के प्रोसेसर, ३६० मिमीचा लिक्विड कूलर, आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, आतून फोम लावलेलं पुढून बंद सायलेंट कॅबिनेट, १००० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), एक एसएसडी आणि जुन्या दोन हार्ड डिस्क. एवढं घेतल्यावर आवाज येणार नाही ना?

उत्तर : येणार. यादीतल्या वस्तू चांगल्याच आहेत, पण तुमच्या गरजेसाठी यादी उलट्या टोकाकडून सुरू झालीय. तुम्ही आधी सगळ्यात दमदार भाग निवडले आणि मग त्यांचा आवाज दाबायला सायलेंट कॅबिनेट आणि लिक्विड कूलर शोधलात. पीसीमधला आवाज मुळात येतो कशाने, तर आतली उष्णता बाहेर काढायला जे फॅन फिरतात त्याने, आणि भाग जेवढी वीज खातात तेवढीच उष्णता होते, त्यात सूट नाही, म्हणजे कमी वॅट म्हणजेच कमी आवाज, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता तुमचे आकडे बघा. आरटीएक्स ५०८० चं रेटिंग ३६० वॅट. १४९००के वर बेस पॉवर १२५ लिहिलेली असते पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावताना, त्याला २५३ वॅटपर्यंत मुभा आहे. गेम खेळताना प्रोसेसर तेवढा वर जात नाही हे खरं, तरी दोन्ही मिळून ५०० वॅटच्या आसपास पोचायला वेळ लागत नाही, आणि ही सगळी उष्णता आधी त्या बंद डब्यात आणि मग तुमच्याच खोलीत येणार. याऐवजी रायझन ७ ७८००एक्स३डी घेतलात तर रेटिंग १२० वॅट असलं तरी गेममध्ये तो बहुतेक वेळा ८० च्या आतच असतो, आणि ९६ एमबीच्या मोठ्या एल३ कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच वेगवान मेमरीमुळे, गेमसाठी तो कुणापेक्षा फारसा मागे पडत नाही. त्याच्या जोडीला २२० वॅटचं आरएक्स ९०७० किंवा २५० वॅटचं आरटीएक्स ५०७० घेतलं की सगळं मिळून ३०० ते ३३० वॅट. तुमच्या मॉनिटरला यातलं कुठलंही कार्ड पुरतं. सगळ्यात जड गेममध्ये एखाददुसरं सेटिंग अल्ट्रावरून हायवर आणावं लागेल, तेवढंच. ५०८० ची खरी गरज ४के मॉनिटरवर लागते. व्हिडिओ एडिटिंग किंवा रेंडरिंगसारखं जास्त कोअर लागणारं काम असेल तर प्रोसेसरचा विचार वेगळा होईल, पण तुम्ही गेमच म्हणताय.

ग्राफिक्स कार्डवर थोडं जास्त बोलतो, कारण गेमिंग पीसीतला निम्म्याहून जास्त आवाज इथूनच येतो आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. एकाच चिपची चार-पाच मॉडेल निघतात, त्यातलं तीन फॅनचं, जाड हीटसिंकचं (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांचं) मॉडेल घ्या. छोट्या दोन फॅनच्या मॉडेलला तेवढेच वॅट बाहेर टाकायचे असतात पण हीटसिंक लहान, मग फॅन जोरात फिरवण्यावाचून त्याला इलाज नसतो. हलकं काम चालू असताना फॅन पूर्ण थांबतात का तेही बघून घ्या, बहुतेक नव्या कार्डांत साधारण ५० डिग्रीच्या खाली फॅन बंदच असतात. आणि कार्ड बसवल्यावर दोन कामं करा, दोन्ही फुकट आहेत. एक, पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा, सॉफ्टवेअरमधून जमेल तेवढी खाली आणा, कार्डावर अवलंबून साधारण ८० टक्क्यांपर्यंत. कंपन्या कार्ड शेवटच्या थेंबापर्यंत पिळून विकतात, शेवटच्या चार-सहा फ्रेमसाठी पन्नासेक वॅट जास्त जातात, त्या फ्रेम गेल्या तर खेळताना कळतसुद्धा नाहीत पण फॅनचा फरक लगेच कळतो. अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपचा व्होल्टेज थोडा उतरवणं, जमत असेल तर आणखी उत्तम. दुसरं, फ्रेम रेटला, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याला, कॅप लावा, मॉनिटर १४४ चा आहे तर १४० च्या आसपास. जुन्या किंवा हलक्या गेममध्ये कार्ड उगाच ३०० फ्रेम काढत बसतं ज्या स्क्रीनवर दिसतच नाहीत, कॅप लावली की त्याच गेममध्ये कार्ड एकदम निवांत होतं.

त्याच कॅपचा दुसरा फायदा कॉइल व्हाइनला. कार्डवरच्या कॉइल वीज वरखाली झाली की थरथरतात आणि बारीक चिरकणारा आवाज काढतात. गेमच्या मेनूत फ्रेम रेट शेकड्यांत जातो तेव्हा हा सगळ्यात जास्त ऐकू येतो. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत एक चिरकतं आणि दुसरं नाही असंही होतं, आधी ओळखायचा काही मार्ग नाही, म्हणून बदलून मिळेल अशाच ठिकाणी घ्या आणि पहिल्या आठवड्यातच शांत खोलीत कान देऊन तपासा.

आता लिक्विड कूलर. तुम्ही सांगितलेल्या प्रोसेसरला तो लागला असता, ७८००एक्स३डी ला नको. त्यात रेडिएटरचे तीन फॅन असतातच, वर पंप असतो आणि पंप कधीच थांबत नाही, मध्यरात्री नुसतं काही वाचत बसलात तरी त्याची बारीक घरघर चालूच. शिवाय पंप सर्किटमध्ये सगळ्यात उंचावर आला तर आतली हवा तिथे जमते आणि गुळगुळ आवाज येतो. ८० वॅटसाठी दोन टॉवरचा साधा एअर कूलर भरपूर झाला. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी, घेण्याआधी कॅबिनेटमध्ये तेवढी उंची बसते का ते मोजा, आणि एवढ्या मोठ्या कूलरखाली उंच हीटस्प्रेडरची (वरच्या धातूच्या पट्टीची) रॅम अडकते म्हणून रॅम बुटकी घ्या. रॅममधून आवाज येत नाही त्यामुळे तिच्यावर एवढंच, डीडीआर५ ६००० च्या दोन काड्या बास.

सायलेंट कॅबिनेटबद्दल तुम्हाला पटायला थोडं जड जाईल पण सांगतोच. पुढून बंद असलेल्या कॅबिनेटला हवा बाजूच्या फटींतून ओढावी लागते, आतलं तापमान वाढतं, फॅन जोरात फिरतात आणि मग तो वाढलेला आवाज फोम दाबत बसतो. फोम चिरका आवाज बऱ्यापैकी शोषतो, जाड घुमणारा आवाज त्याला फारसा आवरत नाही. त्यापेक्षा पुढून जाळीचं, हवा मोकळी खेळेल असं कॅबिनेट घ्या. पीसी दिवसभर हलक्याच कामाला असता तर बंद कॅबिनेट चाललं असतं, पण ३०० वॅट तासन्‌तास बाहेर टाकायचे असतील तर जाळीच.

फॅनचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, सगळी गंमत त्यात आहे. फॅनचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते पण आवाज तब्बल १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. आणि वेग तोच ठेवून फॅन दुप्पट लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे दोन फॅन पूर्ण वेगाने फिरवण्याऐवजी चार फॅन निम्म्या वेगाने फिरवले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज बाराएक डेसिबल कमी, आणि १० डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. म्हणून कॅबिनेट असं बघा ज्यात पुढे १४० मिमीचे दोन-तीन फॅन बसतील आणि मागे एक, सगळे चार पिनचे म्हणजे पीडब्ल्यूएमवाले, ज्यांचा वेग मदरबोर्डला कमीजास्त करता येतो, ६००-७०० आरपीएमवर फिरत राहतील असे. फॅन एकदम जाळीला चिकटलेला नको, पात्याच्या तोंडाशी अडथळा आला की वेगळाच सूर निघतो, बोटभर जागा असली तरी फरक पडतो.

आणि सगळं जोडून झालं की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरावा ते, हाताने लावा, हे न करता लोक महागडे फॅन घेतात आणि तक्रार करत बसतात. एकसारखा मंद आवाज कान पाच मिनिटांत विसरतो, त्रास होतो तो वरखाली होणाऱ्या आवाजाचा. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात १५ डिग्री उडी मारतं आणि परत खाली येतं, फॅन त्याच्यामागे धावला की सारखं हुंऽऽ-हुंऽऽ होत राहतं. साधारण ६५-७० डिग्रीपर्यंत कर्व्ह सपाट ठेवा, आणि वेग वाढायला काही सेकंदांचा उशीर लावायची सोय बहुतेक मदरबोर्डवर असते, ती चालू करा. कॅबिनेटचे फॅन शक्यतो प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डच्या तापमानावर चालवा, गेममध्ये उष्णता तिथलीच जास्त असते. मदरबोर्ड घेताना चिपसेटवर इवलासा फॅन नाही ना एवढं बघा, असले छोटे फॅनच सर्वात आधी कुरकुरायला लागतात.

एसएमपीएस १००० चा घेतलात तरी बिघडत काही नाही पण ७५० चा पुरेल. ८० प्लस गोल्ड हे वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, आवाजाचं नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेचं लॅम्ब्डा रेटिंग बघायचं. कमी लोडवर फॅन बंद राहणारा मिळाला तर छानच.

हार्ड डिस्क मात्र काढाच. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ती थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते आणि बाकी सगळं शांत केलं की हीच एक घरघर रात्रभर ऐकू येत राहते. जुना डेटा असेल तर डिस्क नेटवर्कवरच्या वेगळ्या डब्यात टाकून दुसऱ्या खोलीत ठेवा. पीसीमध्ये फक्त एसएसडी.

प्रश्न : एकही फॅन नसलेला गेमिंग पीसी करता येईल का? पूर्ण शांतता हवी आहे.

उत्तर : लिखापढी, सिनेमा, हलके जुने गेम यासाठी करता येतो, कॅबिनेटच हीटसिंक असलेले डबे मिळतात. पण २०० वॅटचं कार्ड नुसत्या हवेच्या भरवशावर थंड ठेवायचं म्हणजे भलंमोठं धूड लागेल आणि उन्हाळ्यात तरीही ते तापून वेग कमी करेल. ५०० आरपीएमवर फिरणारा १४० मिमीचा फॅन एका हातावरून ऐकू येत नाही, त्यामुळे ‘फॅनच नको’ या अटीपायी कामगिरी घालवू नका. आणखी हवं असेल तर कॅबिनेट टेबलावरून खाली आणि जरा लांब ठेवा, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी पण उतरतो नक्की.

प्रश्न : माझा पीसी नवा होता तेव्हा शांत होता, दोन वर्षांत फार आवाज करायला लागलाय. काय बदलू?

उत्तर : आधी काहीच विकत घेऊ नका. कॅबिनेट उघडा, जाळ्या आणि हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा, फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा, नाहीतर हवेच्या जोराने फॅन भरधाव फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवीन लावा. तरीही आवाज राहिला तर कुठून येतोय ते शोधा, पुठ्ठ्याची नळी घ्या, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका फॅनजवळ फिरवा, पात्यांना लागू न देता, दोषी फॅन दोन मिनिटांत सापडतो. मग सॉफ्टवेअरमधून तोच एक फॅन थोडा वेळ मंद करा, आवाज गेला तर तो एकटा बदलायचा. ग्राफिक्स कार्डचा निघाला तरी घाबरू नका, बऱ्याच कार्डांचे फॅन सुटे मिळतात, फक्त मॉडेल नंबर आणि कनेक्टरच्या पिना जुळवून घ्या. एसएमपीएसच्या आतून येत असेल तर मात्र तो स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली असते, वॉरंटीत द्या किंवा सरळ नवा घ्या.