कूर्चेचे (कार्टिलेजचे) तीन प्रकार स्लाइडमध्ये कसे ओळखायचे? आणि गुडघ्यातली कूर्चा झिजली की परत का येत नाही?

तुम्ही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहात, तिन्ही कूर्चा सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, आणि आजीच्या गुडघ्याची गादी घासली असून ती भरून येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. हाड मोडलं तर जुळतं, मग हे का नाही, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला शरीररचनेचं प्रात्यक्षिक घेते, त्यामुळे यातला पहिला प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतो. दुसरा फारसं कुणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्लाइड लावली की सगळे आधी पेशी शोधतात. कूर्चेत तसं करू नका. पेशी तिन्हींत एकाच जातीच्या, कॉन्ड्रोसाइट. सांध्यातल्या कूर्चेत तर आकारमानाचा जेमतेम १ ते ५ टक्के भाग पेशींचा असतो. फरक आहे तो पेशींच्या मधल्या भागात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये. तिथे नजर लावा.

श्वासनलिकेपासून सुरुवात करा. कमी पॉवरवर निळसर-जांभळा पट्टा दिसेल आणि त्याच्या दोन्ही अंगांना गुलाबी पेरिकॉन्ड्रियम, म्हणजे कूर्चेचं आवरण. ही हायलाइन कूर्चा. कडेच्या पेशी चपट्या असतात. आत जाल तशा त्या गोल होतात आणि दोन-दोन, चार-चारच्या गटाने बसलेल्या दिसतात. त्या एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या असतात, पण भोवतालचं मॅट्रिक्स इतकं घट्ट असतं की त्यांना लांब जाता येत नाही. आता पॉवर वाढवा. प्रत्येक गटाभोवती जास्त गडद जांभळं वलय दिसेल. तिथे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हे द्रव्य दाट असतं, त्याचा भार ऋण असतो, म्हणून हिमॅटॉक्सिलिन हा जांभळा रंग तिथे जास्त धरतो. पेशी आणि लॅक्युनाची (ती बसते त्या पोकळीची) भिंत यांच्यामध्ये पांढरी फट दिसते, ती मात्र खरी नव्हे. स्लाइड तयार करताना पेशी आकसते. जिवंतपणी ती आपली लॅक्युना पूर्ण भरून असते. तोंडी परीक्षेत हे नक्की सांगा, परीक्षकांना बरं वाटतं. मॅट्रिक्स काचेसारखं एकसंध दिसलं तरी त्यात टाइप २ कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. ते फार बारीक असतात आणि प्रकाश भोवतालच्या द्रव्याइतकाच वाकवतात, म्हणून साध्या स्लाइडमध्ये दिसत नाहीत.

लवचीक कूर्चा बाहेरच्या कानात, एपिग्लॉटिसमध्ये (घशातल्या झडपेत), कान आणि घसा जोडणाऱ्या नळीत असते. साध्या रंगात ती हायलाइनसारखीच वाटते, तुमचा घोळ इथेच होत असणार. व्हरहॉफ किंवा ऑर्सिन या खास रंगांनी रंगवलेली स्लाइड मागा. पेशींच्या मध्ये गडद तंतूंचं दाट जाळं उठून दिसतं.

तंतुमय कूर्चा गुलाबी दिसते. तिच्यात टाइप १ कोलॅजेनचे जाड, लहरदार जुडगे असतात, मध्ये पेशी रांगेने बसलेल्या, आणि पेरिकॉन्ड्रियम नसतं. विद्यार्थी हिला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) समजतात. टेंडनमध्ये केंद्रकं चपटी, दोऱ्यासारखी असतात. इथे पेशी गोलसर, लॅक्युनात, भोवती जांभळट कड. मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडं, गुडघ्यातली मेनिस्कस नावाची चकती, जघनास्थींचा सांधा, म्हणजे जिथे दाब आणि ताण दोन्ही सोसायचे तिथे ही.

आता आजींचा गुडघा. हाडांच्या टोकांवर असते ती हायलाइनच, पण पेरिकॉन्ड्रियमशिवाय. जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, लसिकावाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. तिच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असतं आणि बहुतेक भार त्या पाण्याच्या जोरावर पेलला जातो. ॲग्रिकॅन नावाचा रेणू पाणी ओढून घेतो, कोलॅजेनचं जाळं ते फुगू देत नाही. आपल्याकडे पाणी उतरलेल्या द्राक्षांवर अवकाळी पाऊस पडला की मणी आतून फुगतो आणि साल तडकते. इथे ते जाळं म्हणजे साल, ती तुटली की फुगणं आवरत नाही. म्हणूनच झिजेच्या संधिवाताच्या सुरुवातीला कूर्चेतलं पाणी कमी न होता उलट वाढतं. जाळं तुटलेलं असतं, कूर्चा फुगते आणि मऊ पडते. प्रौढ वयात टाइप २ कोलॅजेन जवळजवळ नव्याने बनत नाही, त्यामुळे तुटलेलं जाळं तसंच राहतं.

हाड जुळतं कारण मोडल्या जागी रक्त साकळतं, त्यातून दुरुस्तीच्या पेशी येतात. कूर्चेत रक्तच पोचत नाही. दुखापत खाली हाडापर्यंत गेली तर मज्जेतलं रक्त वर येतं, खड्डाही भरतो, पण भरतो तो तंतुमय कूर्चेने, टाइप १ने. स्लाइडमध्ये गुलाबी दिसली तीच. ती मूळच्या कूर्चेइतकी घर्षण आणि दाब सोसत नाही. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही हे विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पण तो उपाय मुख्यतः तरुणांच्या, एका जागच्या इजेसाठी आहे. आजींसारख्या सगळीकडे झिजलेल्या गुडघ्याला तो लागू पडत नाही.

चेतातंतू नसल्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. कळ येते ती खालच्या हाडातून आणि सांध्याच्या आवरणातून, म्हणून बरीच झीज होईपर्यंत कळतही नाही. राहिलेल्या कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून झिरपून होतं आणि दाब पडून सुटण्याने त्याला मदत होते. दुखतंय म्हणून आजींना बसवून ठेवू नका. सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालू द्या, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम तुमच्या शिक्षकांना विचारून घ्या, वजन जास्त असेल तर कमी करा. उकिडवं बसणं टाळायला सांगा. सप्तशृंगी गडावर जायचं असेल तर पायऱ्यांचा हट्ट नको, ट्रॉलीने न्या.